बाळंतिणीचे मन आणि सरकारी मोजदाद

'डोहाळे' हा आपल्या घरोघरचा शब्द संस्कृतातील 'दोहद' या शब्दावरून आला, आणि ज्या स्त्रीच्या ठायी दोन हृदये नांदतात तिची इच्छा ती दोहद, अशी त्याची उपपत्ती जुने वैद्य लावीत. सुश्रुताने चौथ्या महिन्यातील गर्भवतीस 'दौहृदिनी' म्हटले आहे, आणि तिच्या इच्छेचा अव्हेर केल्यास गर्भास अपाय होतो असे बजावले आहे. त्यातील शरीरशास्त्र आज कोणी जसेच्या तसे मानणार नाही. परंतु गर्भवतीचे मन हा वैद्याने लक्ष घालण्याचा विषय आहे, ही त्यामागील समजूत टाकाऊ नव्हे. 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गात, सुदक्षिणा संकोचाने काही बोलत नाही हे जाणून दिलीप राजा तिच्या सख्यांकडे पुनःपुन्हा चौकशी करतो. बाई आपण होऊन सांगत नाही, तिला विचारावे लागते, आणि तेही तिच्या विश्वासातील बायकांकरवी, एवढे व्यवहारज्ञान कालिदासाच्या राजास होते. आमच्या आरोग्यव्यवस्थेस ते अद्याप पुरतेपणी आलेले नाही, अशी आमची तक्रार आहे. आणि ती आम्ही चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या निमित्ताने मांडणार आहोत.

हे दोन जिल्हे निवडण्यास कारण आहे. मागासलेपणाचा दाखला हवा असला म्हणजे या जंगलाकडे बोट दाखवावयाचे, ही महाराष्ट्राची जुनी खोड होय. आमचे कारण नेमके उलट आहे. स्त्रियांची न बोललेली दुखणी कशी मोजावीत, हा धडा सगळ्या देशाने याच मुलखाकडून घेतला. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. त्यानंतर चार वर्षांनी डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथे 'सर्च' ही संस्था उभी केली. वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून, त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे राणीबाईंनी १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून जगास दाखविले. ज्या दुखण्यांची दवाखान्यात दादफिर्याद नव्हती ती विचारल्याबरोबर बाहेर आली. पुढे १९९९ साली याच संस्थेने दुसरा पुरावा पुढे ठेवला : गावातीलच बाईला शिकवून घरोघर पाठविले, तर नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरतात. २०११ साली हीच रीत केंद्र सरकारने देशभर लागू केली. आज गावोगावची आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा वेळा जाते, आणि बाळंतपण घरीच झाले असल्यास सात वेळा जाते, ती या जंगलातून निघालेली वाट आहे.

परंतु याच जंगलात आणखी एक आकडा नोंदला गेला होता, आणि त्याची वाट मात्र कोणी पुढे चालविली नाही. १९९५-९६ साली गडचिरोलीच्या ३९ गावांतील ७७२ स्त्रियांच्या प्रसूतीवर व त्यानंतरच्या दिवसांवर बारकाईने नजर ठेवण्यात आली. त्याचा वृत्तांत २००४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२.६ टक्के, स्त्रियांना या काळात काही ना काही आजार झाला. स्तनांची दुखणी, उशिरा होणारा रक्तस्राव, जननमार्गाचा जंतुसंसर्ग, अशी ती यादी आहे. आणि त्याच यादीत, त्याच पंगतीस, निद्रानाश बसला आहे : ७.४ टक्के. रात्री उठविणारे तान्हे मूल हे झोपमोडीचे उघड कारण आहे, हे आम्हांसही कळते. परंतु मूल निजले असताही आईचा डोळा लागत नाही, ही गोष्ट निराळी आहे. मन आजारी पडल्याची ती पुष्कळदा पहिली खूण असते. बाळंतिणीची नीज हरपणे हे रक्तस्रावाप्रमाणेच लिहून ठेवण्याजोगे दुखणे आहे, हे गडचिरोलीच्या त्या वहीने मान्य केले होते.

आता देशव्यापी योजनेतून आशाताईच्या हाती पडलेला नमुना पाहा. आईला ताप आहे काय, स्रावास दुर्गंधी आहे काय, दूध पुरते काय, स्तनांना ठणका अगर चिरा आहेत काय, असे प्रश्न त्यात आहेत, आणि ते योग्यच आहेत. मनाविषयी मात्र एकच : ती भलतेसलते बोलते काय, किंवा तिला झटके येतात काय? उत्तर होकारार्थी आल्यास इस्पितळ. म्हणजे सरकारच्या लेखी बाळंतीण एक तर शहाणी असते, नाही तर भ्रमिष्ट. या दोहोंच्या मध्ये तिसरी अवस्था नाही. जी भलतेसलते बोलत नाही, किंबहुना जी काहीच बोलत नाही, तिच्यासाठी त्या कागदावर जागा नाही.

ही मधली अवस्था केवढी मोठी आहे ते समजून घेतले पाहिजे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात बाईला उगीच रडू येते आणि थोड्या दिवसांत ते निवळते. तो रोग नव्हे. दर हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीस खरोखरीचा उन्माद होतो. गावात त्यास बाहेरची बाधा समजतात, आणि तेथे रुग्णालयाखेरीज गत्यंतर नाही. परंतु या दोहोंच्या मध्ये जे नैराश्य आहे ते आठवडेच्या आठवडे, कधी वर्षभर, रेंगाळते. भूक जाते, झोप जाते, कामास हात लागत नाही, आपल्याच लेकराची भीती वाटू लागते, आणि आपण वाईट आई आहोत हा निकाल बाई स्वतःच स्वतःवर देऊन मोकळी होते. भारतातील ३८ अभ्यासांची व २०,००० हून अधिक मातांची एकत्र मोजणी २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आली. तीनुसार शंभरांतील सुमारे २२ माता या आजारातून जातात. हे आकडे भामरागड अगर जिवतीचे नव्हेत, आणि ते ताणून तेथे लावण्याचा आमचा आग्रह नाही. आमचा आग्रह एवढाच, की तेथे मोजून पाहा. न मोजता 'आमच्याकडे असे काही नाही' म्हणण्याचा अधिकार कोणासही पोचत नाही.

यावर जे आक्षेप येतात ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा, की हा शहरातील खात्यापित्या बायकांचा आजार; रानात राबणाऱ्या बाईला निराश व्हावयास सवड कोठे? हे म्हणणे ऐकावयास मर्दानी वाटते, पण ते खोटे आहे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० गर्भवतींचा माग ठेवून २००२ साली जे प्रसिद्ध केले त्यात २३ टक्के मातांना बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य आढळले. आणि त्याची कारणे कोणती? दारिद्र्य, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, आणि पोटी मुलगी येणे. यांतील पहिल्या दोन गोष्टींची या दोन जिल्ह्यांत वाण आहे असे कोणी म्हणेल काय? गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, रेट्यामुळे. चंद्रपुरात बायकांनी त्यासाठी पायपीट केली, २०१५ साली बंदी आली, आणि २०२१ साली ती उठलीही. बंदीने दारू हटते की नाही, हा वाद येथे आमचा नाही. परंतु ज्या हजारो बायका उन्हातान्हातून मोर्च्यास निघाल्या त्या केवळ संसाराच्या पैशासाठी निघाल्या असे समजणे हा त्यांचा अधिक्षेप आहे. रात्री घरी येणाऱ्या माणसाचे भय ही मनाचीच व्यथा आहे. ती सांगण्यासाठी दवाखान्यात खिडकी नव्हती, म्हणून ती कलेक्टर कचेरीवर गेली.

दुसरा आक्षेप आमच्या संस्कृतिरक्षकांचा. आमच्याकडे डोहाळजेवण आहे, ओटी भरणे आहे, पहिल्या बाळंतपणास माहेर आहे, शेकशेगडी आहे, डिंकाचे लाडू आहेत. आणखी काय हवे? या चालीरीतींतील माया आम्ही नाकारीत नाही. परंतु बारकाईने पाहावे. शेगडी पाठीसाठी, लाडू दुधासाठी, आणि सारी लगबग बाळासाठी. बाजेवरची बाई रडली, तर 'ओली बाळंतीण आहे, असेच होते' एवढे म्हणून घर आपल्या कामास लागते. त्यातून माहेर सर्वांस सारखे लाभत नाही. कोणाचे नदीपलीकडे असते, कोणाचे आईमागे उरलेले नसते, कोणाच्या आईला रोजगार बुडवून लेकीजवळ बसणे परवडत नाही. यात मराठी वाङ्मयाचाही वाटा आहे. जात्यावरच्या ओव्यांत बाई आपले दुःख स्पष्ट सांगत होती. छापील वाङ्मयाने तिला देव्हाऱ्यात नेऊन बसविले, आणि देव्हाऱ्यातील मूर्तीस रात्री झोप लागली का, असे कोणी विचारीत नाही. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आईच्या दुःखाने रात्ररात्र डोळे पुसणारे प्रेक्षक आम्हांस प्रिय आहेत. तेच डोळे पहाटे घरी परतल्यावर बाजेकडे वळावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.

माहेराचा विषय निघाला म्हणून सांगतो. आदिवासी भागातील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ सरकारने 'माहेरघर' नावाची योजना चालविली आहे. दूर पाड्यावरील बाईने दिवस भरत आले की तेथे येऊन राहावे, अडलेल्या रस्त्यात व पुरात तिचा जीव जाऊ नये, हा तिचा हेतू. पर्लकोटेच्या पुराने भामरागड कितीदा जगापासून तुटले हे ज्यास ठाऊक आहे तो या योजनेस नावे ठेवणार नाही. ज्याने ते नाव शोधले त्याच्या रसिकतेचे तर आम्ही कौतुक करतो. पण माहेर म्हणजे छप्पर, जेवण आणि तपासणी एवढेच काय? सासरी जे बोलता येत नाही ते जेथे बोलता येते, ते माहेर. माडिया बोलणारी मुलगी आपले गाव सोडून परक्या भिंतींत येते, कळांची वाट पाहते, आणि तिच्या भाषेत तिच्याशी दोन शब्द बोलणारे माणूस तेथे असेलच अशी तजवीज नसते. तेव्हा नाव माहेराचे आणि मुक्काम धर्मशाळेचा, असे होते. माडियांच्या कुर्मा-घरात बायकांना पाळीच्या दिवसांत एकटे बसावे लागते, याविषयी शहरातील लेखण्या पुष्कळ झिजल्या. झिजाव्यात. पण आम्ही स्वतः बांधलेल्या घरात बाई एकटी पडते किंवा कसे, हेही त्याच लेखण्यांनी एकदा पाहावे.

तिसरा आक्षेप वजनदार आहे, कारण तो हळव्या नव्हे तर कामाच्या माणसांकडून येतो. आधी जीव वाचवा, मन मागाहून, असे ते म्हणतात. परंतु जीव आणि मन असे दोन हिशेब आहेत, हेच आम्हांस मान्य नाही. झारखंड व ओडिशा येथील, गडचिरोलीसारख्याच आदिवासी मुलखात 'एकजूट' या संस्थेने गावोगाव बायकांच्या मासिक बैठका भरविल्या. बैठकीत औषध वाटले जात नव्हते; बाळंतपणातील अडचणी बायकांनी एकमेकींस सांगावयाच्या आणि उपाय आपणच शोधावयाचा, एवढाच तो उपक्रम. तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले, आणि तिसऱ्या वर्षी मातांमधील मध्यम स्वरूपाचे नैराश्य ५७ टक्क्यांनी उतरले. हा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला आहे. एकाच बैठकीने दोन्ही कामे केली. मग आधी कोणते, हा प्रश्नच उरत नाही. गोव्यातीलच पुढील अभ्यासात आईच्या नैराश्याचा संबंध बाळाच्या वाढीशी दिसून आला. कुपोषित बालकाचे वजन महिन्यामागून महिना करणाऱ्या व्यवस्थेने, त्याला पाजणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहू नये, यास काटकसर म्हणत नाहीत.

शिवाय जीव वाचविण्याचा हिशेब तरी पुरता आहे काय? मातामृत्यूची गणना प्रसूतीनंतर ४२ व्या दिवशी थांबते. आशाताईची बाळंतिणीकडील ठरलेली शेवटची फेरीही त्याच दिवशी. इंग्लंडात प्रत्येक मातेच्या मृत्यूची वर्षभरापर्यंत चौकशी करण्याची पद्धत आहे, आणि तेथे असे दिसते की सहा आठवड्यांनंतर वर्षाच्या आत बाळंतपणाशी थेट निगडित कारणांनी होणाऱ्या मृत्यूंत आत्महत्या हे पहिले कारण आहे. आमच्याकडे तीन महिन्यांच्या लेकराची आई विहिरीत गेली तर ती पोलिसांच्या वहीत 'घरगुती कारण' म्हणून जाते. मातामृत्यूच्या वहीत तिला जागा नाही. ज्याची गणनाच नाही ते घडतच नाही, असे समजण्याची सोय त्यामुळे होते.

चौथा आक्षेप : एवढे मानसवैद्य आणावयाचे कोठून? भामरागडाहून जिल्ह्याचे ठिकाणच सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, आणि विदर्भाचे मनोरुग्णालय असलेले नागपूर जवळजवळ त्याच्या दुप्पट. आक्षेप खरा आहे. त्यातून काढलेले अनुमान खोटे आहे. बालकांचे मृत्यू रोखण्यासाठी प्रत्येक गावात बालरोगतज्ज्ञ हवा, असे गडचिरोलीने म्हटले असते, तर आजही वाट पाहावी लागली असती. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत, फार न शिकलेल्या आरोग्यसेविकांना गरोदर व बाळंतिणींशी कसे बोलावे हे शिकविले. सहा महिन्यांनी त्या भागातील २३ टक्के माता नैराश्यात उरल्या, तर जेथे नुसत्याच भेटी दिल्या तेथे ५३ टक्के. हा २००८ सालचा पुरावा आहे. तेव्हा माणूस आहे, वाट आहे, फेऱ्याही ठरलेल्या आहेत. नाही तो फक्त प्रश्न. केंद्र सरकारने २०२२ साली 'टेली-मानस' हा १४४१६ क्रमांकाचा दूरध्वनी उघडला, तो स्तुत्य आहे. परंतु घरातील एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात असतो, आणि टेकडी चढल्याखेरीज त्यावर रेघ उमटत नाही अशी गावे या जंगलात आहेत. जिला बोलावयाचे धैर्य नाही तिने आपण होऊन फोन फिरवावा, ही अपेक्षा दिलीप राजानेही केली नव्हती.

आता आमचे मागणे सांगतो; ते फार नाही. बाळंतिणीच्या नमुन्यात दोन-तीन प्रश्न वाढवावेत : बाळ निजल्यावर तुला झोप लागते का, मन करमते का, आणि जगणे नकोसे वाटले का. एडिंबरो येथे १९८७ साली तयार झालेली दहा प्रश्नांची परीक्षा जगभर वापरात आहे. तिचा आधार घ्यावा, पण भाषांतर कचेरीत बसून करू नये. माडिया, गोंडी, कोलामी, सिरोंच्याकडील तेलुगू, मुलचेऱ्याकडील बंगाली आणि आमची झाडीबोली, या प्रत्येकीत दुःखाचा शब्द निराळा आहे, आणि 'नैराश्य' हा यांतील एकीचाही नव्हे. हे प्रश्न सासूसमोर नव्हे, एकांतात विचारावेत. ते गरोदरपणापासूनच विचारावेत, कारण गोव्यात बाळंतपणानंतर आजारी आढळलेल्यांपैकी ७८ टक्के स्त्रियांचे मन प्रसूतीपूर्वीच त्रस्त होते. २०१८ पासून लेकरासाठी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात फेरी ठरली आहे. तेथेही आईस तेच विचारावे. नवी फेरी नको, नवी जीपगाडी नको.

मात्र दोन गोष्टींस पैसा लागेल, आणि तो लागतो हे लपविण्यात अर्थ नाही. एक, आशाताईचे मोल. कामागणिक मोजून पैसे देणाऱ्या व्यवस्थेने दुसऱ्याचे दुःख ऐकून घेण्याचे काम तिच्यावर फुकट लादू नये. ऐकण्यास वेळ लागतो, आणि ऐकणारीसही कोणी ऐकणारे लागते. दोन, विचारल्यावर पुढे पाठवावयास जागा. प्रश्न विचारून उत्तर वहीत मिटून ठेवणे हे न विचारण्यापेक्षाही वाईट. अहेरी, कुरखेडा, राजुरा, ब्रह्मपुरी अशा ठिकाणच्या रुग्णालयांत ठरलेल्या वारी या बायकांसाठी जाणता माणूस हजर असावा. आणि चंद्रपूर व गडचिरोली येथे आई व तान्हे मूल एकत्र राहू शकतील अशा चार-दोन खाटा असाव्यात. बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेत अशी व्यवस्था बरीच वर्षे चालू आहे. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर तीन वर्षांखालील मुलास उपचार घेणाऱ्या आईपासून एरवी तोडू नये असे स्पष्ट म्हटले आहे. कायदा आहे, खाट नाही.

ज्या १९८२ साली गडचिरोली जिल्हा झाला, त्याच साली देशाने मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला. जिल्हा मोठा झाला, त्याने देशास शिकविले. कार्यक्रम मात्र बाळंतिणीच्या बाजेपर्यंत पोचला नाही. ७.४ टक्क्यांचा तो आकडा ज्यांनी लिहून ठेवला त्यांनी आपले काम केले आहे. आता नमुना पुन्हा छापावयाचा तो ज्यांच्या हाती आहे त्यांनी करावयाचे. पुढची छपाई होण्यापूर्वी त्यांपैकी एकाने जरी एटापल्लीच्या एखाद्या माहेरघरात दुभाषी बाई बरोबर घेऊन दिवसभर बसून पाहिले, तरी कोणते प्रश्न घालावयाचे ते आम्ही सांगण्याची गरज राहणार नाही.